वरचा सूर गेल्यानंतर

माझं जे एक गाणं लोकांना माहीत आहे, ते मी चोविसाव्या वर्षी गायलं. लाल स्कुटीवरून कॉलेजात जाणाऱ्या पोरीचं गाणं. शब्द वऱ्हाडी, अधूनमधून हिंदी, मागे ढोल आणि कीबोर्ड. ज्यांनी ते बसवलं त्यांना मी दादा म्हणते, ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे आणि घराच्या वरच्या खोलीत त्यांनी छोटा स्टुडिओ थाटला होता. चाल त्यांची, शब्द त्यांच्या एका मित्राचे, गळा माझा. पट्टी त्यांनी मुद्दाम चढी धरली होती, पेटीवरची काळी पाच. अंतरा संपताना आवाज एकदम वर न्यायचा, तिथे धरून ठेवायचा आणि मग सोडून द्यायचा. त्या एका जागेवर विदर्भातली लग्नं अठरा वर्षं नाचली.

हळदीच्या कार्यक्रमात ते गाणं मी किमान तीनदा म्हणायची. नवरी आली की एकदा, मुलाकडचे आले की एकदा, आणि शेवटी सगळे घामाघूम झाले की पुन्हा. आम्ही नंतर आणखी बरीच गाणी केली, पण ती सगळी त्याच गाण्याची धाकटी भावंडं होती. दर दिवाळीला मी दादांना म्हणायची की आता काहीतरी वेगळं करू या. ते म्हणायचे, करू ना. मग लग्नसराई सुरू व्हायची. अडतिसाव्या वर्षी मी गुडघ्याला पट्टा बांधून, वरून चमकीचा घागरा घालून, फर्स्ट इयरच्या पोरीचं गाणं म्हणत होते. त्यात मला लाज वाटत होती असं नाही. कंटाळा आला होता, आणि कंटाळा आला आहे हे कोणाला सांगावं ते कळत नव्हतं, कारण घर त्यावरच चालत होतं.

गाठ आधी आईला दिसली. आम्ही दोघीच हुडकेश्वरला राहतो. माझं लग्न चार वर्षं टिकलं, त्याबद्दल इथे सांगण्यासारखं काही नाही. एका सकाळी मी चहा पिताना आई माझ्या गळ्याकडे बघत होती. म्हणाली, गिळताना तिथे काहीतरी वरखाली होऊन राहिलं. मी आरशात पाहिलं तर खरंच होतं, सुपारीएवढं.

मग धंतोलीतला दवाखाना. तपासण्या, रिपोर्ट, पुन्हा तपासण्या. त्या महिन्याभरात मी त्या दवाखान्याच्या बाकावर इतके तास काढले की समोरच्या भिंतीवरचा रंग कुठे कुठे उडाला आहे ते मला पाठ झालं. वणीहून, पुसदहून, गडचिरोलीकडून आलेली माणसं फायली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बसलेली असायची. कोणी मला ओळखलं नाही. घागऱ्याशिवाय मला कोणी ओळखत नाही, हे मला तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले. थायरॉइडची गाठ आहे, काढावी लागेल, म्हणाले. मग विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हटलं, गाते. त्यांनी हातातला पेन टेबलावर ठेवला आणि नीट समजावून सांगितलं. तिथून आवाजाच्या नसा जातात, त्यातली एक फार बारीक असते, वरच्या सुरांचं काम तिचं. आम्ही जपतोच.

"बोलण्याचा आवाज बहुतेक परत येईल," ते म्हणाले. "वरच्या सुरांची खात्री मी देऊ शकत नाही."

मी काही बोलायच्या आत आईने सांगून टाकलं, "गाठ काढा."

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, कॅन्सरची नव्हती. तीन आठवडे माझ्या घशातून फक्त वारा येत होता, मी पाटीवर लिहून आईला सांगायची. मग हळूहळू बोलता येऊ लागलं. डॉक्टरांनी जे सांगितलं होतं तेच झालं, त्यात कोणाची चूक नव्हती. पाचव्या महिन्यात मी दादांच्या स्टुडिओत गेले. त्यांनी कीबोर्डवर खालून एकेक पट्टी दाबायला सुरुवात केली आणि मी मागोमाग सा लावत गेले. खाली सगळं होतं. उलट पूर्वी जे सूर कधी लागत नव्हते तेही लागत होते. वर जाताना मात्र एका जागी आवाज थांबला. फुटला नाही, चिरकला नाही. जिना संपावा आणि पुढे भिंत असावी तसा थांबला. दादांनी तीच पट्टी चारपाच वेळा दाबली. मग म्हणाले, "इथपर्यंत हाय." आणि उठून चहा सांगायला खाली गेले.

ट्रॅकची कल्पना त्यांचीच. जुनं रेकॉर्डिंग होतंच. माझा चोविसाव्या वर्षीचा आवाज स्पीकरमधून वाजणार आणि मी हातात माइक धरून ओठ हलवणार. सगळेच करतात, ते म्हणाले, आणि ते खरं आहे. मी हो म्हटलं. एक अख्खी लग्नसराई मी तशी काढली.

लोकांना वाटेल की ओठ हलवणं सोपं असतं. मला गाण्यापेक्षा त्याचा शीण जास्त यायचा. गाताना श्वास आत जातो, बाहेर येतो, शरीर कामाला लागतं. इथे शरीराला काही काम नसायचं, आणि तरी ते काम करतंय असं दाखवायचं. वरच्या जागेवर मी मान मागे टाकायची, डोळे मिटायची, गळ्याच्या शिरा ताणायची. घरी आल्यावर जबडा दुखायचा. आई शेकायला गरम पाण्याची पिशवी द्यायची.

बेसा रोडच्या एका लॉनवर दुपारी हळद होती. कार्यक्रम संपवून मी कपडे बदलायच्या खोलीत बसले होते, तेव्हा नवरीची आत्या आत आली. चाळिशी उलटलेली, अंगभर हळद लागलेली. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाली, तिच्या लग्नानंतर लगेच हे गाणं आलं होतं, तेव्हा सासरी तिला कोणी नाचू दिलं नव्हतं, आज ती नाचली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तुमचा आवाज जरासाही बदलला नाई," ती म्हणाली. "माणसं बदलतेत. तुमचा आवाज तसाच हाय."

मी तिला थँक यू म्हटलं. तिने माझी थट्टा केली असती तर मी तिच्यावर चिडले असते. पण ती मनापासून बोलत होती आणि माझ्या आवाजाबद्दल ती जे बोलली ते खोटं होतं, माझ्यामुळे.

त्या आठवड्यात मावशीचा फोन आला. मावशी गावी असते, शेतीच्या घरात, आईहून चार वर्षांनी लहान. आई आंघोळीला गेली होती म्हणून मी तिचा फोन उचलला आणि हॅलो म्हटलं. मावशी थेट सुरू झाली. गुडघे, सून, सुनेचा मोबाइल, या वर्षीची तूर. माझ्या लक्षात आलं की ती मला आई समजते आहे. मी सांगणार होते, पण तिने विचारलं, "पोरीचं कसं चालू हाय वं? अजून नाचगाणंच काय?"

मी म्हटलं, "हो. चालू हाय तिचं."

"थकली असन ती आता."

"थकली," मी म्हटलं.

मावशी म्हणाली, तिले सांग जरा बस म्हणून. आणि पुन्हा तुरीवर गेली. मी हूं हूं करत राहिले. आई बाहेर आल्यावर फोन तिच्याकडे दिला, आणि त्या दोघी पुढे बोलत राहिल्या. मावशीला कळलंच नाही की माणूस बदललं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा आईचा आवाज ऐकला असं म्हटलं तरी चालेल. वडील गेल्यावर त्यांच्या जागी तिला तहसील कार्यालयात कारकुनी मिळाली होती. सत्तावीस वर्षं तिने खिडकीमागून माणसांची नावं पुकारली. तिचा आवाज खालचा आहे, जाड, आणि लांबपर्यंत जातो. ती कधीही ओरडत नाही. खिडकीसमोरच्या गर्दीत शेवटी उभ्या असलेल्या माणसालाही आपलं नाव ऐकू जायचं, हे मी लहानपणी पाहिलं होतं. घरात ती भांडी आवरताना गुणगुणायची, तेव्हा मला तो आवाज आवडायचा नाही. बाईचा आवाज गोड आणि वर जाणारा असावा, हे माझ्या डोक्यात कोणी घातलं ते सांगता येणार नाही, पण होतं. आणि आता तोच आवाज माझ्या घशात येऊन बसला होता.

मी लिहायला लागले. यापूर्वी मी कधी गाणं लिहिलं नव्हतं. पहिलं लिहिलं ते धंतोलीच्या बाकाचं. नंबर लागायची वाट पाहणारी एक बाई आहे, तिच्या मांडीवर फाईल आहे, आणि ती शेजारणीला घरच्या म्हशीबद्दल सांगते आहे. बस, एवढंच. दुसरं आमच्या गल्लीतल्या एका बाईचं, जी पहाटे बुटीबोरीच्या सूतगिरणीच्या बसची वाट पाहत कोपऱ्यावर उभी असते. तिसरं आईच्या खिडकीचं. चाली आपोआप खाली लागत गेल्या, काळी दोनमध्ये, जिथे मला आता घरच्यासारखं वाटत होतं. दोनतीन महिन्यांत सहा गाणी झाली. त्यांचा एक अल्बम करावा असं मनात आलं, तेव्हा माझं मलाच हसू आलं. बेचाळिसाव्या वर्षी, अर्ध्या गळ्याने.

मी सहाही गाणी दादांना म्हणून दाखवली. ते खुर्चीत मागे टेकून, हात पोटावर ठेवून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "हे कोण ऐकन?" मी म्हटलं, माहीत नाही. तरी त्यांनी नाही म्हटलं नाही.

मे महिना होता. त्यांच्या खोलीत कुलर लावला की त्याचा आवाज माइकमध्ये येतो, आणि बंद केला की दहा मिनिटांत माणूस भाजून निघतं. म्हणून आम्ही सकाळी सहाला सुरुवात करायचो आणि नऊपर्यंत जेवढं होईल तेवढं करायचो. मी नुसता आवाज देऊन यायची. चारपाच दिवसांनी दादांनी पहिलं गाणं बांधून ऐकवलं. बाकावरची बाई आली, आणि तिच्या मागून ढोल आले, मग टाळ्या, मग कीबोर्डवरची ती त्यांची लाडकी सनई. मी म्हटलं, दादा, हे काढा. त्यांनी सनई काढली. मी म्हटलं, टाळ्या पण. त्यांनी टाळ्या काढल्या. मग मी म्हटलं की ढोलही नको, ताल नकोच.

"मंग उरते काय?" त्यांनी विचारलं.

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मी त्यांना इतक्या वर्षांत रागावलेलं पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही त्यांनी आवाज चढवला नाही.

"तुह्या गळ्याले झालं वं," ते म्हणाले. "माह्या हाताले काही झालं नाई. मी काहून थांबू?"

मी घरी आले. ते बरोबर बोलले होते. ज्या गाण्याने मी ओळखली गेले त्यातला अर्धा जीव त्यांच्या ठेक्यात होता, आणि मी त्यांना सांगत होते की आता तुम्ही गप्प बसा. पंधरा दिवस आम्ही एकमेकांना फोन केला नाही. पारा सत्तेचाळीसवर गेला होता. मी दिवसभर खिडक्यांना ओले पडदे लावून पडून राहायची, आणि वाटायचं की हे सगळं सोडून द्यावं, मावशीने सांगितल्याप्रमाणे जरा बसावं.

मग एका सकाळी त्यांचा फोन आला. अल्बमबद्दल काही बोलले नाहीत. एका नव्या मुलीला घेऊन ते स्कुटीचं गाणं पुन्हा रेकॉर्ड करत होते, नव्या ठेक्यावर. मुलगी चांगली होती, पण वरच्या जागेवर अडकत होती. मग म्हणाले, "तू येऊन दाखवशीन काय तिले?"

मी गेले. का गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही. मुलगी बावीस-तेवीसची होती, तिने मला वाकून नमस्कार केला आणि घाबरून उभी राहिली. तिचा आवाज खणखणीत होता. ती फक्त वर जायच्या आधी श्वास कोंडून धरत होती. मला ते म्हणून दाखवता येत नव्हतं, म्हणून मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला सांगितलं की वर जाताना वर बघू नको. पायांकडे लक्ष दे. जमीन दाबल्यासारखं कर. श्वास अर्धा आधीच सोडून दे. मी अठरा वर्षं जे करत होते ते मी पहिल्यांदा शब्दांत सांगत होते, आणि सांगता सांगता मलाच कळत होतं की मी ते कसं करायची. सातव्या की आठव्या वेळी तिचा सूर लागला. तो सरळ वर गेला, थांबला, आणि तिने तो सोडला.

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. कोणाचं तरी जड सामान बराच वेळ धरून उभं राहावं आणि ज्याचं त्याने येऊन ते घ्यावं, तसे हात मोकळे झाले. मुलगी खाली गेल्यावर दादांनी कॉम्प्युटरवर माझ्या गाण्यांची फाईल उघडली. पहिल्या गाण्यातला ढोल त्यांनी माझ्यासमोर बंद केला. मग उठून कपाटावरची पेटी काढली, कापडाने पुसली, आणि माझ्या आवाजाखाली नुसते दोन सूर धरून ठेवले. पूर्ण गाणंभर तेवढंच. त्यांना ते आवडलं होतं असं मी म्हणणार नाही. संपल्यावर म्हणाले, हात दुखते बसून बसून. पण उरलेल्या पाच गाण्यांनाही त्यांनी तसंच केलं, एका गाण्यात मात्र हळूच एक डग्गा ठेवला आणि मी तो राहू दिला.

अल्बम पावसाळ्यानंतर आला. मोठं काही झालं नाही. इंटरनेटवर गाण्यांखाली लोकांनी लिहिलं, ताई स्कुटी पाहिजे. एकाने लिहिलं, झोप आली. दोघातिघांनी मी आजारी आहे का अशी चौकशी केली. एका स्थानिक पेपरने चार ओळी छापल्या आणि वर माझा घागऱ्यातला जुना फोटो टाकला. ज्याच्याकडून लग्नांची कामं यायची त्या इव्हेंटवाल्याला मी फोन करून सांगितलं की यापुढे ट्रॅक नाही, आहे त्या आवाजात गाईन. तो फार सभ्यपणे म्हणाला, ठीक आहे मॅडम, तसं काही असलं की कळवतो. तसं काही अजून आलेलं नाही. ती नवी मुलगी आता सगळीकडे जाते. मी आमच्या भागातल्या एका शाळेत आठवड्यातून तीन दिवस गाणं शिकवते.

आईने अल्बम ऐकला तो स्वयंपाक करताना, माझ्या फोनवर. सहाही गाणी संपेपर्यंत तिने कणीक मळली, पोळ्या लाटल्या, भाजल्या. तिच्या खिडकीचं गाणं लागलं तेव्हाही तिने मागे वळून पाहिलं नाही. शेवटी तवा उतरवून म्हणाली, "हे बरं हाय. यात शब्द ऐकू येतेत." स्कुटीच्या गाण्याबद्दल ती अठरा वर्षांत एक शब्द बोलली नव्हती.

नंतर काही ओळखीच्या लोकांनी रविवारी सकाळी एका वाचनालयाच्या खोलीत कार्यक्रम ठेवला. चाळीसएक माणसं होती. मी पहिल्यांदाच बसून गायले, घरच्या सुती साडीत. दादा पेटीवर होते. चौथ्या गाण्यात आवाज बसला. मी थांबले, पाणी प्यायले, लोकांना म्हटलं जरा थांबा, आणि ते थांबले. कोणी शिट्टी मारली नाही, कोणी उठून गेलं नाही. मग उरलेलं म्हटलं, जमेल तसं. कार्यक्रम सव्वा तासात संपला आणि मी इतकी दमले होते की माइकची वायर गुंडाळायलाही हात उठेना.

माणसं पांगत होती. दादा पेटी झाकत होते. एक वयस्क बाई तिच्या जागेवरून उठून हळूहळू पुढे आली. तिच्या गळ्यावर माझ्यासारखाच आडवा व्रण होता, थोडा ताजा. तिने मला विचारलं, ते दवाखान्यातलं गाणं पुन्हा म्हणता का.

मी म्हटलं, "आज नाई होणार काकू. गळा संपला."

"बरं," ती म्हणाली. "मंग बसा."

मी माझ्या खुर्चीत बसले; तिने एक खुर्ची ओढून माझ्या शेजारी आणली आणि बसली. वाचनालयाची माणसं खुर्च्या उचलून भिंतीशी लावत होती, आमच्या दोन त्यांनी शेवटपर्यंत तशाच राहू दिल्या.